७० रुपयांत दारात: आमच्या कचरावाल्या मावशींच्या सर्विसचा सहा वर्षांचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मागच्या वर्षीच लिहायचा होता पण तेव्हा सोसायटीत एवढी भांडणं चालू होती की मी काही लिहिलं असतं तर कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलाच असता. आता जरा शांत झालंय तर लिहून टाकते. लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला तर एक स्टार देऊन मोकळे होतात, आणि जी सर्विस रोज सकाळी दारात येते, जी दोन दिवस बंद पडली की अख्खी बिल्डिंग नाकाला रुमाल लावून जिना उतरते, तिच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. मीही लिहिल्या नव्हत्या.

तर आम्ही पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला राहतो, ८४ फ्लॅट, तीन विंग, प्रत्येकी सात मजले, लिफ्ट आहे (लिफ्टचं पुढे येईलच). कचरा घ्यायला मावशी आणि त्यांची सून अशा दोघी येतात, मूळच्या लातूरकडच्या. फ्लॅटमागे महिना ७० रुपये होते, या वर्षी वाढवलेत, ते शेवटी येईल.

आधी सर्विस कशी आहे ते. वेळेला दहापैकी दहा. पावणेआठला ए विंगच्या सातव्या मजल्यावर बेल वाजते आणि दहाच्या आत सी विंग संपलेली असते, सहा वर्षांत पावसामुळे उशीर झालाय तो फार तर अर्धा तास. बेल एकदाच वाजवतात, दार उघडलं नाही तर पुढे जाऊन परत येताना पुन्हा एकदा वाजवतात, एवढी सवलत मला दूधवाला पण देत नाही. ओला वेगळा सुका वेगळा घेतात, आणि एकत्र दिला तर तोंडावर सांगतात. सुरुवातीला मला राग यायचा, पैसे आम्ही द्यायचे आणि वर हिचं ऐकायचं पण आम्हीच, असं वाटायचं खरंच. एकदा मी ओल्या डब्यात चुकून ब्लेड टाकलं होतं तर दुसऱ्या दिवशी मावशींनी ते ब्लेड कागदात गुंडाळून परत आणून दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त हातात ठेवलं. तेव्हापासून ब्लेड कधी गेलं नाही आमच्या घरातून.

सुट्टी म्हणाल तर दिवाळी पाडवा, आंबेडकर जयंती आणि गावची जत्रा. मावशी नसल्या की सून येते आणि सूनही नसली की त्यांच्या वस्तीतली एक बदली बाई येते, तिला फ्लॅट माहीत नसतात त्यामुळे चार-पाच घरं सुटतात आणि मग ग्रुपवर तिसऱ्या मिनिटाला मेसेज, "कचरावाली आज आली नाही, पैसे कशाचे घेतात". हे एवढं एक उणं. याला अर्धा स्टार कापा वाटलं तर.

पुण्याबाहेरच्या लोकांना ही पद्धत माहीत नसते म्हणून थोडं सांगते, माझी बहीण ठाण्याची, तिला वाटायचं या बायका महापालिकेच्या नोकर आहेत आणि ७० रुपये ही वरची टिप आहे. तसं नाहीये. पूर्वी पुण्यात रस्त्यावर कचराकुंड्या असायच्या आणि त्यात वाकून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका असायच्या, बहुतेक दलित समाजातल्या, बऱ्याच जणींची घरं ७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. लोक त्यांना चोर समजायचे, पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची. १९९३ साली बाबा आढाव आणि काही कार्यकर्त्यांनी या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली, मग पुढे पालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ मध्ये महापालिकेने 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेबरोबर करार केला की कुंडीत वेचण्यापेक्षा तुम्ही थेट घरोघरी जाऊन कचरा घ्या. पालिका गाड्या, कोट, हातमोजे असलं साहित्य आणि संस्था चालवायचा खर्च बघणार, पण पगार नाही. बाईची कमाई दोनच ठिकाणची, घरटी मिळणारी फी आणि सुक्यातून निघणारं भंगार. आज हजारो बायका असं काम करतात, त्यांच्या जिवावर शहर चालतं.

मावशींच्या सासूबाई कुंडीवाल्या होत्या. पहाटे चारला निघायच्या कारण पाचला गेलं तर दुसरी बाई कुंडी झाडून गेलेली असायची. मावशी स्वतः लग्न करून आल्यावर सात-आठ वर्षं त्यांच्याबरोबर वेचायला गेल्या. मी विचारलं आता बरं आहे का त्यापेक्षा, तर म्हणाल्या, "मग काय ताई, आता उभ्यानं काम हाय. पयलं वाकूनच असायचं सगळं."

मला हे सगळं माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण लॉकडाऊनपासून मी घरून काम करते आणि माझं टेबल ज्या खिडकीशी आहे ती नेमकी पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यावर उघडते, जिथे या दोघी कचरा निवडतात. रोज सकाळी माझी पहिली मीटिंग आणि त्यांचं निवडणं एकाच वेळी. कॅमेरा बंद असला की मी तिकडेच बघत बसते.

आपल्याला वाटतं सुका कचरा म्हणजे एक पोतं. त्यांच्या लेखी तो पंधरा-सोळा वेगळा माल असतो. जुनी ताडपत्री अंथरतात, पोतं पालथं करतात आणि मग हात चालायला लागतात. दुधाच्या पिशव्या एका बाजूला, पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, पण बाटली तशीच टाकत नाहीत, झाकण फिरवून काढतात कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं आणि त्याचा भाव वेगळा. शाम्पूची बाटली अजून वेगळी. पुठ्ठा वेगळा, वहीचा पांढरा कागद वेगळा, चकचकीत कागद वेगळा. शंका आली तर प्लास्टिक बोटांत चुरगाळून कानाशी नेतात, आवाजावरून कळतं म्हणे कुठल्या ढिगात जायचं ते. मी एकदा खाली जाऊन करून बघितलं, मला सगळे आवाज सारखेच आले, सून इतकी हसली.

आणि चिप्सची, बिस्किटांची, गुटख्याची पाकिटं, जी आतून चंदेरी असतात, ती सगळ्यात जास्त आणि त्यांना कोणी विचारत नाही. शून्य रुपये. पण वेचायला, वेगळी काढायला, भरून पालिकेच्या गाडीपर्यंत न्यायला वेळ तेवढाच लागतो. म्हणजे ते काम पूर्ण फुकट.

आता त्या गाडीचं. ओला आणि हा बिनकामाचा सुका घेऊन दोघी ढकलगाडी ढकलत अर्ध्या किलोमीटरवरच्या चौकात जातात, तिथे पालिकेची गाडी येते. गाडी साडेदहाला येते असं म्हणतात. कधी येते, कधी बाराला येते, तोपर्यंत उन्हात ढकलगाडीजवळ उभं राहायचं कारण सोडून गेलं तर कुत्री पिशव्या फाडतात आणि मग आजूबाजूचे दुकानदार ओरडतात. मग परत येऊन राहिलेलं निवडणं, मग भंगारवाला, घरी पोचायला तीन वाजतात. आम्हाला दिसतात फक्त बेल वाजवण्याचे वीस सेकंद.

भंगाराच्या दुकानात मी एकदा गेले होते. जुलैमध्ये धो धो पाऊस होता, ढकलगाडीचं चाक निखळलं होतं आणि पुठ्ठा भिजत होता, म्हणून मी स्कूटरवर दोन पोती टाकून नेली (नवरा अजून ऐकवतो, सीटला अजून वास येतो म्हणे). दुकानदाराने पुठ्ठा हातात दाबून बघितला, पाणी आहे म्हणाला आणि वजनातून दोन किलो सरळ कापले. मी म्हणलं अहो एवढं कुठे भिजलंय, तर मावशींनी माझा हात धरला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, उद्या पण यायचंय इथंच, आणि पोरीच्या दवाखान्याला पैसे यानंच दिलेत, उचल आहे त्याची. त्या दिवसाचे दोघींचे मिळून १८६ रुपये झाले. पुठ्ठ्याला किलोला दहाच्या आसपास, काचेला एक-दोन रुपये, तेही साबूत बाटली नसेल तर कुणी घेत नाही.

आता यातली गंमत (गंमत कसली) अशी की ज्या मालाला भाव आहे तो मावशींपर्यंत येतच नाही. पेपरची रद्दी आपण महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला विकतो, जुने डबे, पत्रा, तारा, बियरच्या बाटल्या सगळं आपण नाहीतर आपला वॉचमन विकतो. मावशींना जातं ते उरलंसुरलं. आणि तरी मीटिंगमध्ये कायम एक वाक्य येतं, "त्यांना भंगारातून मिळतंच की बक्कळ". मी स्वतः हे म्हटलेलं आहे.

हिशोब सांगते, मावशींनीच बोटांवर करून दाखवला. आमची ८४ घरं आणि शेजारच्या दोन बिल्डिंगची ६६, एकूण १५०. ७० रुपयांनी झाले १०,५००, दोघींत वाटले तर ५,२५० प्रत्येकी. हे सगळ्यांनी दिले तर. प्रत्यक्षात पैसे घरोघरी मागायला लागायचे, त्यासाठी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी वेगळं यायचं, आणि मग कुणाकडे सुट्टे नाहीत, कुणी म्हणतं साहेब आल्यावर, कुणी म्हणतं आम्ही दहा दिवस गावाला होतो तेवढे कापा. (वायफायवाल्याला म्हणून बघा की दहा दिवस गावाला होतो.) बी विंगमधले एक काका, स्वतःचे दोन फ्लॅट, तीन महिने थकवून म्हणाले पावती दाखव. भंगाराचे धरून बाईमागे नऊ-साडेनऊ हजार पडायचे चांगल्या महिन्यात, त्यात वस्तीतल्या खोलीचं भाडं, बचत गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता. रविवारची सुट्टी नाही. पीएफ वगैरे विषयच नाही, आजारी पडलं की दिवस गेला.

मागच्या वर्षीचं भांडण इथून सुरू झालं. आमच्या कमिटीत एक नवीन उत्साही सदस्य आले, त्यांनी मीटिंगला चक्क लॅपटॉपवर स्लाइड दाखवल्या की एक खासगी ठेकेदार आहे, टेम्पो, युनिफॉर्म, ४५ रुपयांत, फ्लॅटमागे २५ वाचतात. म्हणजे पूर्ण सोसायटीचे महिन्याला २,१०० रुपये. पार्किंगमधला कॅमेरा दुरुस्त करायला एका वेळी यापेक्षा जास्त जातात. पण "प्रोफेशनल" हा शब्द तीन-चार वेळा आला आणि सगळ्यांच्या माना हलल्या. मी पण विरोध नाही केला, खरं सांगते, मला वाटलं जाऊदे, आपल्याला काय. मावशींना गेटवर वॉचमनने सांगितलं की उद्यापासून येऊ नका. एवढंच. पाच वर्षांचं काम आणि नोटीस वॉचमनकडून.

त्या ठेकेदाराचं नाव घेत नाही, पण सर्विसचा रिव्ह्यू देते कारण खरा फरक तिथे कळला. पहिले पंधरा दिवस झकास, निळे युनिफॉर्म, टेम्पोवर गाणं. मग टेम्पो एक दिवसाआड. मग कळलं की दारात येणाऱ्या बायका एजन्सीच्या आहेत, त्यांना चार सोसायट्या दिल्यात, त्यामुळे बेल वाजवून थांबायला वेळ नाही, डबा बाहेर ठेवा नाहीतर गेला दिवस. ओला सुका असलं काही नाही, एकाच ड्रममध्ये सगळं. मी एकदा सवयीने दोन डबे पुढे केले तर त्या बाईने दोन्ही माझ्यासमोर एकात ओतले आणि म्हणाली, मॅडम वेगळं करायला आम्हाला सांगितलेलं नाही. आठ महिन्यांत पाच बायका बदलल्या. त्यातली एक, धाराशिवकडची, पाणी प्यायला आमच्याकडे थांबायची, तिने सांगितलं हातात नऊ हजार येतात, पहिल्या महिन्याचा पगार एजन्सी अडकवून ठेवते म्हणजे बाई सोडून जाऊ नये, पीएफ कापतात पण त्याचा नंबर दिलेला नाही, दांडी मारली तर दीड दिवसाचे कापतात. म्हणजे मावशींना निदान आपला माल आपण विकायचा एवढी मुभा होती, हिला भंगाराला हात लावायचा नाही, तो ठेकेदाराचा. आमचे वाचलेले २५ रुपये कुठून आले ते असं एका ग्लासभर पाण्यात कळलं.

शेवटी झालं काय, पावसाळ्यात तीन दिवस टेम्पो आला नाही, ड्रम भरून वाहिले, पार्किंगमध्ये अळ्या. आणि नंतर कचरा वेगळा केलेला नाही म्हणून दंडाची पावती आली. बरोबरच आहे ना, नियमच आहे तो, २००० पासून कागदावर आहे आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत तर अगदी स्पष्ट लिहिलं होतं की ओला, सुका आणि घातक असा घरातच वेगळा करायचा. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या, म्हणजे पुण्याच्या कचरा डेपोच्या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला एकत्र कुजणारा कचरा सोसला, तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला जाग आली. आपण मात्र परत एकाच ड्रमवर.

ग्रुपवर मग तेच लोक, "जुन्या मावशींना बोलवा ना कोणीतरी". कोणीतरी म्हणजे मी, कारण नंबर माझ्याकडे होता. आठ महिन्यांत मावशी लग्नसराईत मंगल कार्यालयात भांडी घासायला जात होत्या आणि सून भंगाराच्या गोडाऊनला निवडायला, दिवसभर पत्र्याखाली बसून. मला वाटलं होतं रागावतील, नाही येणार म्हणतील. त्या म्हणाल्या येते, पण ताई आता नुसतं या म्हणल्यानं येणार नाही, चार गोष्टी आहेत, लिहून घ्या. मी खरंच लिहून घेतल्या, किराणाच्या यादीच्या मागे.

पैसे दारोदार मागणार नाही, सोसायटीने मेंटेनन्समधून एकदम द्यायचे, पाच तारखेच्या आत. हे लगेच मंजूर झालं, उलट खजिनदार म्हणाले बरं झालं कटकट गेली. हिशोब एवढा सोपा होता तर पाच वर्षं ती बाई ८४ दारांत का उभी राहिली हे कुणी विचारलं नाही.

दुसरं, डायपर आणि पॅड. यावर जरा सविस्तर लिहिते कारण मीटिंगमध्ये हा विषय निघाला की पुरुष मोबाईल बघायला लागतात. आमच्याकडे लहान मुलांची बरीच घरं आणि तीन-चार घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. वापरलेला डायपर तसाच सुक्यात टाकला की पोतं पालथं करताना तो उघडतो. हातमोजे असतात पण रबरी मोज्यांत झाकण फिरवता येत नाही, प्लास्टिकचा पातळपणा कळत नाही, म्हणून निवडताना उजव्या हाताचा मोजा काढूनच ठेवावा लागतो. म्हणजे तो डायपर उघड्या हाताला लागतो. मग त्याच हातांनी डबा खायचा. पुण्यात यासाठी लाल ठिपक्याची मोहीम झालेली आहे, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका, बास, बघणाऱ्याला कळतं. जुन्या पेपरच्या तयार पिशव्याही मिळतात, त्या याच कचरावेचक बायका बनवतात. कंपन्यांनी पाकिटाबरोबर टाकायची पिशवी द्यायची असं २०१६ च्या नियमात होतं, किती कंपन्या मनापासून देतात ते तुमच्या घरातलं पाकीट उघडून बघा. हेही मंजूर झालं. पाळतात किती? मी खिडकीतून मोजते, निम्म्याच्या वर पाळतात. बाकीच्यांना अजून लाल पेन सापडायचंय.

तिसरं, निवडायला वर पत्रा आणि हात धुवायला नळ. यावर मात्र पाऊण तास चर्चा. नळ दिला तर कुणीही येऊन पाणी भरेल, पत्रा टाकला तर सोसायटीचं एलिव्हेशन खराब दिसेल. (मागच्या कोपऱ्याचं एलिव्हेशन. तिथे डक्ट आहे आणि कबुतरं आहेत.) गाड्या धुवायला त्याच भिंतीवर दोन नळ आहेत. एकदाचा झाला मंजूर, आणि नळ बसला त्या दिवशी सुनेने साबणाची वडी एका जुन्या मोज्यात घालून नळाला बांधून ठेवली, कावळे नेतात म्हणून. अजून तशीच असते, वडी संपली की नवीन.

एक प्रसंग सांगायचा राहिला, नळाच्या आधीचा. कुणीतरी फुटलेला काचेचा कप पिशवीत तसाच टाकला होता आणि मावशींच्या तळव्यात घुसला. मी वरून बघितलं आणि बँड-एड घेऊन पळत गेले. त्यांनी लावून बघितली, चिकटेना, हात ओला आणि तेलकट, धुवायला पाणी नाही. मी बिसलेरीची बाटली आणली वरून. त्यांनी पाणी ओतलं, मग भंगारातलीच एक चिंधी झटकून घट्ट बांधली आणि परत बसल्या. मी म्हणलं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, तर म्हणाल्या घेतलंय दिवाळीत. म्हणजे हे त्यांचं ठरलेलंच आहे, दिवाळीला कपडे आणि इंजेक्शन. काच असेल तर पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळी हातात द्या हो, एवढंच करा.

चौथं होतं लिफ्ट आणि संडास. लिफ्टबद्दल आमच्याकडे बोर्ड आहे, कचरा आणि सामान नेणाऱ्यांनी जिना वापरावा. कारण वास राहतो. सातव्या मजल्यावरचा लॅब्रॅडोर पावसात भिजून लिफ्टने वर जातो तेव्हा वास राहत नाही बहुतेक. तर मावशी पन्नाशीच्या, गुडघे गेलेले, एका विंगेला दोनदा जिना चढउतर, तीन विंगा, रोज. उतरताना एका हातात ओल्याची बादली. मी ठराव मांडला, नऊ विरुद्ध चौतीस असा पडला. आता नऊ घरांनी आपला कचरा आपण खाली आणून द्यायला सुरुवात केलीय, तेवढाच एक हेलपाटा कमी.

आणि संडास. खाली वॉचमनचा संडास आहे, त्याला कुलूप असतं, चावी वॉचमनकडे. बाईमाणसाने रोज जाऊन परपुरुषाकडे चावी मागायची. त्यामुळे सून सकाळी घरून निघाल्यापासून पाणी पीत नाही, तीन वाजता घरी जाऊनच. उन्हाळ्यात तिला दोनदा लघवीचा त्रास झाला, डॉक्टर म्हणाले पाणी जास्त प्या. ती हे मला हसत हसत सांगत होती. मी म्हणते आमच्याकडे येत जा, ती एकदाच आली, पाय धुवून, पदर सावरून, इतकी संकोचून की परत बोलवायची मलाच लाज वाटली. कुणाच्या घरात जाऊन होण्यासारखी गोष्ट नाहीये ती.

तर रेटिंग. वेळ पाच, वागणं पाच, काम पाचाच्या वर काही असेल तर ते. पैशाच्या मानाने म्हणाल तर स्वस्त आहे, आणि का स्वस्त आहे ते वर सांगितलं, उरलेले पैसे त्या दोघी भरतायत, गुडघ्यांतून आणि न प्यायलेल्या पाण्यातून. आम्ही या वर्षी ७० चे १०० केलेत, कुणी मेलं नाही. तुमच्याकडे अशाच मावशी कचरा घेत असतील आणि कमिटी कुणा ठेकेदाराच्या स्लाइड दाखवत असेल तर आधी विचारा की बाईच्या हातात किती जाणार, आणि ते लिहून मागा. घरच्या घरी करायचं तर दुधाची पिशवी विसळून द्या, कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो छोटा तुकडा वेचता येत नाही आणि गटारात जातो, पिशवीलाच लटकत राहू द्या. रद्दी महिन्यातून एकदा मावशींना देऊन बघा, आम्ही तीन महिने देतोय, फार नाही, घरटी साठ-सत्तर रुपयांची असते.

वॉचमनच्या संडासाची दुसरी चावी बनवायला ४० रुपये लागतात, मी कुलूपवाल्याला विचारून आलेय. येत्या रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर सातवा मुद्दा आहे, त्याच्या आधी गणपतीची वर्गणी आणि पार्किंग, त्यामुळे कधी नंबर लागतो बघू.